सीनाकाठचे कल्याणस्वामी : दिनक्रमाने घडविलेले निरामय वार्धक्य

परंडा हे नाव मराठी वाचकाच्या कानावर येते ते प्रामुख्याने तेथील भुईकोट किल्ल्यामुळे. भक्कम दुहेरी तट, भोवतालचा खंदक आणि बुरुजांवरच्या अजस्र तोफा यांमुळे हा किल्ला आजही अभ्यासकांना खेचून आणतो. अहमदनगर इ. स. १६०० मध्ये मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ येथेच उभी केली होती. विजापूरच्या बुरुजावर विसावलेली मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये येथूनच तिकडे नेली गेली. पुढे १६६० च्या सुमारास परंडा मोगलांकडे गेला आणि दक्षिणेतील त्यांच्या फौजांचे एक ठाणे बनला.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील या तालुक्याची दुसरी ओळख मात्र तोफांची नाही. किल्ल्यापासून फार दूर नसलेल्या सीना नदीच्या काठी डोमगाव नावाचे खेडे आहे. समर्थ रामदासस्वामींचे पट्टशिष्य आणि ‘दासबोधा’चे लेखक कल्याणस्वामी यांनी आयुष्याचा उत्तरार्ध या परिसरात घालविला. लेखक म्हणजे येथे लेखनिक. समर्थांनी सांगावे आणि कल्याणांनी कागदावर उतरवावे, असा तो क्रम होता. गुरुसेवेची उदाहरणे देताना कीर्तनकार आजही त्यांचेच नाव प्रथम घेतात. परंतु या कथांतून आपल्यासमोर उभा राहतो तो बहुधा तरुण, बलदंड कल्याण. सीनाकाठी म्हातारे झालेले, युद्ध आणि दुष्काळ यांच्या तडाख्यात मठ चालविणारे कल्याणस्वामी त्या मानाने अपरिचितच राहिले आहेत. त्यांच्या चरित्राचा हा भाग आजच्या शहरी वाचकाने मुद्दाम पाहावा असा आहे.

अंबाजीचा कल्याण झाला

कल्याणस्वामींचे मूळ नाव अंबाजी. वडील कृष्णाजीपंत कुलकर्णी, आई रखमाबाई आणि धाकटा भाऊ दत्तात्रेय. मामा पाराजीपंत यांच्या आश्रयाने रखमाबाई आपल्या मुलांसह कोल्हापुरास राहत असत. सतराव्या शतकाच्या मध्यास समर्थ कोल्हापूर प्रांती आले असताना त्यांच्या कीर्तनाने हे सारे कुटुंब भारावून गेले आणि दोन्ही मुलांसह रखमाबाईंनी समर्थांचा अनुग्रह घेतला, असे रामदासी परंपरा सांगते. अंबाजीचे वळणदार, झरझर उमटणारे अक्षर समर्थांच्या नजरेस पडले आणि मुलगा त्यांच्या सोबत निघाला तो कायमचाच. दत्तात्रेयस्वामींनी पुढे चाफळजवळच्या शिरगावचा मठ सांभाळला.

कल्याण हे नाव कसे पडले, याची आख्यायिका घराघरांत सांगितली जाते. मसूरच्या रामनवमी उत्सवाशी ती जोडलेली आहे. मिरवणुकीच्या वाटेवर एका झाडाची फांदी आडवी आली होती आणि तिच्या खाली विहीर होती. समर्थांनी अंबाजीला ती फांदी बुंध्याकडे तोंड करून नव्हे, तर शेंड्याकडे बसून तोडावयास सांगितले. तसे केल्यास तोडणारा फांदीबरोबर खाली जाणार, हे लहान मुलालाही कळावे. अंबाजीने कुऱ्हाड चालविली आणि तो फांदीसह विहिरीत पडला. जमलेले लोक घाबरले. समर्थांनी काठावर येऊन कल्याण आहे ना, अशी विचारणा केली आणि आतून सारे कल्याणच आहे, असे उत्तर आले. त्या दिवसापासून अंबाजीचा कल्याण झाला.

या कथा घडल्या तशाच सांगितल्या गेल्या, असे समजण्याचे कारण नाही. समर्थ आणि त्यांचे शिष्य यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग नंतरच्या बखरींतून आलेला आहे, आणि बखरकार भक्त होते. तरीही निरनिराळ्या मठांतून आलेल्या या आठवणींत कल्याणस्वामींचे एकच चित्र पुनःपुन्हा दिसते. धिप्पाड देह, अबोल स्वभाव, न थकता काम करण्याची सवय आणि सुरेख हस्ताक्षर. हे चार विशेष त्यांना अखेरपर्यंत चिकटून राहिले.

घळीतले लेखन आणि गडावरचे पाणी

महाडच्या बाजूला सह्याद्रीच्या कुशीत असलेली शिवथरघळ ही ‘दासबोधा’ची जन्मभूमी मानली जाते. पावसाळ्यात समोरून धबधबा कोसळत असतो, घळीत ओल आणि गारवा असतो. अशा ठिकाणी बसून समर्थांनी ओव्या सांगाव्यात आणि कल्याणांनी त्या लिहून घ्याव्यात, असे दीर्घकाळ चालले. वीस दशके, दोनशे समास आणि ७७५१ ओव्या एवढा ग्रंथाचा विस्तार आहे. बोरूने, शाईने, हातकागदावर एवढे लिहिणे आणि पुन्हा त्याच्या प्रती करणे हे बैठ्या माणसाला वाटते तितके हलके काम नव्हे. ताठ पाठीने तासन्‌तास बसण्यासाठी शरीर कसलेले असावे लागते.

ते कसलेले होते. समर्थांनी आपल्या संप्रदायात मारुतीची उपासना रुजविली ती देव्हाऱ्यापुरती नव्हे. कृष्णा-कोयनेच्या परिसरातील अकरा मारुतींची स्थापना, त्यांच्या अंगणातील आखाडे, सूर्यनमस्कार आणि दंडबैठका हा उपासनेचाच भाग होता. स्वतः समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या केली. त्या काळात ते रोज पहाटे नदीत उभे राहून जप करीत आणि नमस्कार घालीत, असे सांगतात. गुरूचा हाच नेम शिष्याकडे आला.

सातारजवळच्या परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर, समर्थ १६७६ च्या सुमारास कायमच्या वास्तव्यास आले. गडाच्या पायथ्याशी उरमोडी नदी वाहते. समर्थांसाठी या नदीचे पाणी रोज गडावर आणण्याचे काम कल्याणस्वामींनी स्वतःकडे घेतले होते. ज्या हंड्यांतून ते पाणी आणीत ते दोन मोठे हंडे भाविकांना गडावर आजही दाखविले जातात. रिकामा हंडा उचलतानाच माणसाची कल्पना थिटी पडावी, एवढा त्यांचा आकार आहे. ते भरून उभा चढ चढणारा माणूस त्या वेळी काही विशीतला पोरगा नव्हता. शिवथरघळीतील लेखनाला बरीच वर्षे उलटून गेली होती आणि कल्याणस्वामी मध्यम वयाकडे झुकले होते. ज्या वयात माणसे चढावर काठी शोधू लागतात त्या वयात त्यांचा हा रोजचा परिपाठ होता.

आंब्याची कथा तर शाळेच्या पुस्तकांतूनही आली. समर्थांच्या पायाला मोठे गळू झाल्याचे आणि कोणी तोंडाने पू ओढून घेतल्यावाचून ते बरे होणार नसल्याचे शिष्यांना सांगण्यात आले. बाकीचे मागे सरले. कल्याण पुढे झाले आणि फडक्याखाली गळू नसून पिकलेला आंबा बांधलेला असल्याचे त्यांना आढळले. सज्जनगडाच्या कड्यावरून वाऱ्याने उडालेली समर्थांची छाटी झेलण्यासाठी त्यांनी क्षणाचाही विचार न करता उडी घेतल्याचीही कथा आहे. भक्तीची थोरवी सांगण्यासाठी या कथा सांगतात. परंतु गडावरचे ते हंडे पाहिले म्हणजे वाटते की, एका उडीपेक्षा रोजची खेप अधिक अवघड होती. उडी एकदाच मारायची असते. पाणी रोज लागते.

गुरूपासून दूर

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात समर्थांनी आपल्या शिष्यांना ठिकठिकाणच्या मठांवर नेमून दिले. हा सारा पसारा पाहिला तर त्यांच्या संघटनशक्तीची कल्पना येते. दिवाकर गोसावी चाफळचा कारभार पाहत. उद्धवस्वामी टाकळीला आणि पुढे इंदूर-बोधनला, वेण्णास्वामी मिरजेला, दिनकरस्वामी तिसगावला आणि भीमस्वामी थेट तंजावरला. स्त्रियांनाही मठपती म्हणून नेमणारा हा संप्रदाय होता. कल्याणस्वामींच्या वाट्याला आले डोमगाव.

ज्याने उभी हयात गुरूच्या सावलीत काढली, त्यालाच लांबच्या आणि मोगली अमलाखालील मुलखात पाठविण्यात समर्थांचा हेतू काय असावा, यावर सांप्रदायिक ग्रंथांत बरेच विवेचन आढळते. एक गोष्ट उघड आहे. सेवा करण्यात ज्याचा दिवस जात होता, त्याच्यावर आता सेवा घेण्याची, म्हणजे माणसे सांभाळण्याची जबाबदारी आली. समर्थांनी माघ वद्य नवमी, शके १६०३ रोजी (१६८२ च्या आरंभी) सज्जनगडावर देह ठेवला, तेव्हा कल्याणस्वामी त्यांच्याजवळ नव्हते. ते डोमगावला होते, असे परंपरा सांगते. ज्याच्यासाठी इतकी वर्षे पाणी वाहिले त्याच्या मुखी अखेरचे पाणी घालण्याचा योग आला नाही. या दुःखाने ते खचून गेले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

ते पुढे आणखी बत्तीस वर्षे जगले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग चमत्कारांच्या कथांनी भरलेला नाही. तो दिनक्रमाने भरलेला आहे.

मठाचा दिवस

रामदासी मठाचा दिवस पहाटे सुरू होई. स्नान, संध्या, सूर्यनमस्कार आणि जप झाल्यावर रामाची व मारुतीची पूजा होई. त्यानंतर झोळी आणि कुबडी घेऊन भिक्षेला निघावयाचे. ही भिक्षा केवळ पोटासाठी नव्हती. दारोदारी ‘मनाचे श्लोक’ म्हणत जावे, घरातील माणसांची विचारपूस करावी, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे पाहून यावे, असा तिचा हेतू असे. गावाची नाडी ओळखण्याचे ते साधन होते. एका घरावर भार पडू नये आणि कोणतेही घर वगळले जाऊ नये, हा तिचा नियम. मिळालेले कोरान्न मठात एकत्र होई आणि दुपारी आल्यागेल्यासह पंगत बसे. सायंकाळी आरत्या, सवाया, ‘दासबोधा’चे निरूपण आणि भजन. मठपती म्हातारा असला तरी या साखळीतून त्याला सुटी नसे. फार तर कामाचे स्वरूप बदलत असे.

या दिनक्रमात आरोग्याच्या दृष्टीने काय काय होते, ते पाहण्यासारखे आहे. रोजची चाल होती. जमिनीवर बसणे-उठणे होते. ज्वारीची भाकरी, वरण, ताक असा साधा आणि मोजका आहार होता. भिक्षेच्या अन्नावर जगणाऱ्याला पोट तुडुंब भरण्याची चैन परवडत नाही. पाठांतर आणि लेखन यांमुळे बुद्धीला गंज चढत नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकटेपण नव्हते. पहाटेपासून रात्रीपर्यंत म्हाताऱ्या माणसाकडे कोणाचे तरी काही तरी काम असे. कोणाला ओवीचा अर्थ हवा असे, कोणाला भांडण मिटवून हवे असे, कोणाला पोथीची नक्कल हवी असे.

कल्याणस्वामींनी या काळात स्वतःही लिहिले. ‘सोलीव सुख’ हे त्यांचे प्रकरण सांप्रदायिकांच्या नित्यपाठात आहे. शिवाय त्यांची पदे, आरत्या आणि ओव्या आहेत. परंतु आपण रचलेल्या काव्यापेक्षा गुरूचे वाङ्मय शुद्ध राखणे, त्याच्या प्रती काढणे आणि काढवून घेणे, हे त्यांनी आपले मुख्य काम मानले. बाडे नीट बांधून ठेवणे, वाळवीपासून आणि ओलीपासून जपणे, हे त्या काळी मठातील मोठे कर्तव्य होते.

तोफांच्या आवाजात

हा दिनक्रम कोणत्या काळात चालला, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. समर्थांच्या पाठोपाठ औरंगजेब दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडाला. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षी रायगड पडला. १६९५ पासून सुमारे चार वर्षे बादशहाची प्रचंड छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या मंगळवेढे तालुक्यात, तळ देऊन होती. डोमगावावरून वाहणारी सीना सोलापूरच्या दक्षिणेस याच भीमेला मिळते. रसद, लमाणांचे तांडे, मोगल पथके आणि त्यांच्या पिछाडीवर तुटून पडणारे मराठे यांच्या येण्याजाण्याने हा सारा मुलूख तुडविला जात होता.

सन १७०० मध्ये साताऱ्यापाठोपाठ परळीचा किल्लाही मोगलांनी घेतला. ज्या गडावर कल्याणस्वामींनी पाणी वाहिले आणि जेथे समर्थांची समाधी होती, तो गडच शत्रूच्या हाती गेला. अक्कास्वामींनी तेथील देवांच्या मूर्ती वासोट्यास हलविल्याचे सांगितले जाते. लगोलग १७०२ ते १७०४ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला आणि त्याच्या मागोमाग साथ आली. मनुची या इटालियन प्रवाशाने या आपत्तीत लाखो माणसे दगावल्याचे नमूद केले आहे. भिक्षेवर चालणाऱ्या मठाला दुष्काळ म्हणजे थेट मरणाचीच गाठ. दारे बंद होतात, झोळी रिकामी येते आणि मठाच्या दारी मात्र माणसांची रांग वाढते.

या काळात डोमगावी रोज काय घडले, याचा तपशीलवार वृत्तांत उपलब्ध नाही. परंतु परिणाम समोर आहे. मठ टिकला, शिष्य टिकले, बाडे टिकली. तेव्हा साठी उलटून गेलेल्या त्या मठपतीने रोजची पहाट चुकविली असती, तर हे घडले नसते, एवढे निश्चितपणे म्हणता येईल. संकटात माणसे नव्या योजनेकडे जितकी पाहतात, त्याहून अधिक एखाद्या म्हाताऱ्याच्या न चुकणाऱ्या नेमाकडे पाहतात.

समुद्रापलीकडचा एक समवयस्क

योगायोग असा की, याच काळात हजारो मैल दूर जपानमध्ये एक वृद्ध विद्वान निरामय दीर्घायुष्यावर ग्रंथ लिहीत होता. काईबारा एक्केन हे त्याचे नाव. १६३० मध्ये फुकुओका येथे जन्मलेल्या या सामुराई घराण्यातील वैद्याने १७१३ मध्ये ‘योजोकुन’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. देहाचे जतन कसे करावे, याचे ते पाठ आहेत. जेवताना पोट थोडे रिते ठेवावे, जेवणानंतर शतपावली करावी, फार वेळ बसून वा झोपून राहू नये, इच्छांना आवर घालावा आणि कामात मन प्रसन्न ठेवावे, असा त्याचा सर्वसाधारण सूर आहे. त्र्याऐंशीव्या वर्षीही आपण रात्री बारीक अक्षर वाचतो-लिहितो आणि आपला एकही दात पडलेला नाही, असे त्याने त्यात आवर्जून सांगितले आहे. पुस्तक प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १७१४ च्या ऑक्टोबरात तो निवर्तला. कल्याणस्वामींनी देह ठेवला तोही १७१४ मध्येच.

दोघांचा परस्परांशी काही संबंध असण्याची शक्यता नाही. एक्केनचा जपान तोकुगावा राजवटीत शांत होता. कल्याणस्वामींचा मराठी मुलूख पेटलेला होता. एक्केनने आपल्या अनुभवाचा ग्रंथ केला. कल्याणस्वामींनी दुसऱ्याचा ग्रंथ जपला. तरीही दोघांच्या रीतीत साम्य आहे, आणि ते नेमके ज्या गोष्टींत आहे त्यांच्याकडेच आज जगाचे वैद्यक वळले आहे.

शंभरी गाठलेल्या जपानी नागरिकांची मोजणी १९६३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तेथे असे अवघे १५३ लोक होते. २०२५ मध्ये ही संख्या ९९ हजारांवर गेली. औषधोपचार, स्वच्छता आणि सकस अन्न यांचा त्यात मोठा वाटा आहेच. पण ओकिनावा बेटावरील वृद्धांचा अभ्यास करणाऱ्यांनी काही साध्या रीतींकडेही लक्ष वेधले. पोट ऐंशी टक्के भरले की हात आवरता घेण्याची तेथे म्हणच आहे. ‘मोआई’ नावाची मंडळे आहेत. आपल्याकडच्या भिशीसारखी ती चालतात. दरमहा ठरावीक वर्गणी गोळा होते, गरजूला रक्कम मिळते आणि त्या निमित्ताने त्याच त्या माणसांची आयुष्यभर गाठ पडत राहते. ‘इकिगाई’ म्हणजे सकाळी अंथरूण सोडण्यासाठी माणसाजवळ असलेले कारण. १९२८ मध्ये रेडिओवरून सुरू झालेल्या सामूहिक कवायतीला तेथील म्हातारी माणसे आजही उद्यानांतून जमतात. त्याच सुमारास आपल्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते, हे मात्र आपण विसरलो.

यातील दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ओकिनावाचे दीर्घायुष्य रक्तातून आलेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९७२ पर्यंत हे बेट अमेरिकेच्या ताब्यात होते. डबाबंद मांस, तळलेले पदार्थ आणि मोटारी आल्या, रीती मागे पडल्या. २००० च्या आकडेवारीत ओकिनावातील पुरुष आयुर्मानाच्या बाबतीत जपानच्या ४७ प्रांतांत एकदम सव्विसाव्या स्थानावर घसरले आणि सारा देश चपापला. रीत पाळली तोवर ती उपयोगी पडली. सोडल्यावर आजोबांचे पुण्य नातवाच्या कामी आले नाही. मठाची पंगत, वाड्यातला ओटा, पारावरची बैठक या आपल्याकडच्या रीतींचे काय झाले, याचा हिशेब पुण्या-मुंबईतील प्रत्येक सोसायटीने आपापला करावयाचा आहे.

दोन अस्थिकलश

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला. शाहू महाराज सुटून आले, साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला आणि सज्जनगड पुन्हा मराठ्यांकडे आला. वृद्ध कल्याणस्वामींनी हा पालटही पाहिला. आता त्यांच्या मनात एकच काम राहिले होते. समर्थांच्या अस्थी चाफळ येथे वृंदावनात जपून ठेवलेल्या होत्या. युद्धाच्या वणव्यात काशीची वाट निर्धोक नव्हती, म्हणून त्या तीस वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिल्या. त्या गंगेत विसर्जित कराव्यात, अशी व्यवस्था कल्याणस्वामींनी केली आणि अस्थी आणण्यासाठी माणसे चाफळला धाडली.

शके १६३६, आषाढ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे इ. स. १७१४ च्या पावसाळ्याचे दिवस. अस्थी वृंदावनातून बाहेर काढल्या गेल्या आणि त्याच सुमारास परंड्यास कल्याणस्वामींनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या आसपास असावे. त्या काळाच्या मानाने, आणि त्यांनी पाहिलेल्या दुष्काळ-साथींच्या मानाने, ते मोठेच आयुष्य होते. त्यांचा अंत्यसंस्कार डोमगावी सीनेच्या काठी झाला. समर्थांच्या अस्थी घेऊन माणसे परतली तेव्हा त्यांच्या स्वागताला कल्याणस्वामी नव्हते. मग गुरू आणि शिष्य या दोघांच्याही अस्थी एकत्रच काशीस नेण्यात आल्या आणि गंगेत सोडण्यात आल्या, असे परंपरा सांगते. समर्थांच्या अखेरच्या क्षणी जी भेट झाली नव्हती, ती अशा रीतीने झाली.

मागे राहिला तो मठ आणि ती बाडे. परंड्याच्या परिसरात रामदासी परंपरा पुढेही वाढत राहिली. एकोणिसाव्या शतकात हंसराजस्वामींसारखे ग्रंथकार परंड्यात होऊन गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव हे रामदासी वाङ्मयाच्या शोधात गावोगावचे मठ धुंडाळीत हिंडत होते. डोमगावच्या मठात त्यांना कल्याणस्वामींच्या हातची ‘दासबोधा’ची प्रत मिळाली. तिच्या आधारे त्यांनी १९०५ मध्ये ग्रंथ छापून प्रसिद्ध केला आणि पाठभेदांच्या गर्दीत वाचकांना एक विश्वसनीय संहिता मिळाली. आज घरोघरी ‘दासबोध’ उघडला जातो, त्यामागे समर्थांची वाणी आहे, तसेच दोन शतके मोगलाई आणि निजामी अमलाखाली ती प्रत जपणारे सीनाकाठचे एक खेडेही आहे.

कल्याणस्वामींनी आरोग्याचे शास्त्र सांगितले नाही, वार्धक्यावर प्रकरण लिहिले नाही. पहाटे उठणे, अंग मोडून काम करणे, मोजके खाणे, चार घरी जाऊन येणे, चारचौघांत जेवणे आणि हाती घेतलेले काम शेवटच्या दिवसापर्यंत न सोडणे, एवढेच त्यांनी केले. परंड्याचा किल्ला पाहावयास जाणाऱ्यांनी बुरुजावरच्या तोफा अवश्य पाहाव्यात. मात्र परतताना वाट थोडी वाकडी करून डोमगावी सीनेच्या काठीही जाऊन यावे.